वाडीवाली काकी

काकी आधी मारायची, मग बोलायची. चौलच्या बाजूला तिची सासरची वाडी होती, नारळ-सुपारीची, कित्येक पिढ्यांची. मधोमध कोरीव दगडांची विहीर. ती कोणत्या राजवटीतली, यावर अभ्यासक येऊन भांडत. काकी त्यांना आधी चपला काढायला लावी, मग पाणी देई. वाडीच्या तिन्ही बाजूंनी आमच्या कंपनीची रिसॉर्ट-वसाहत उठली होती. मी तिथला साइट सुपरवायझर. आमच्या जाहिरातीत त्या विहिरीचा फोटो असायचा, जणू ती आमचीच.

तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं दारू पिऊन तिच्यावर हात उगारला, तेव्हा तिनं त्याचे दोन दात पाडले आणि नंतर पंधरा दिवस त्याला पेज भरवली. "पाडले मी, तर भरवनार कोन?" हे ती अगदी सहज सांगायची.

एकदा आमच्याकडच्या एका पाहुण्यानं छऱ्याच्या बंदुकीनं वाडीतला खंड्या पाडला. काकीनं बंदूक हिसकावली, विहिरीच्या काठावर आपटून तिचे तुकडे केले आणि पाहुण्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. तक्रार माझ्याकडे आली. मी तिला समजवायला गेलो, तर माझ्याही दंडावर फटका बसला. मग चहा मिळाला. "रागानं न्हाय मारला तुला," ती म्हणाली. "त्याच्या बाजूनं बोलाया आलास म्हनून मारला."

मागच्या प्लॉटांकडे जायला कंपनीला सरळ रस्ता हवा होता, तो वाडीचा कोपरा कापून. काकी तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा तिला कोणी विचारलं नाही. सकाळी नऊच्या सुमारास जेसीबी आला, सोबत बाहेरून आणलेली चार माणसं. मी नकाशा घेऊन उभा. जेसीबीनं वाडीच्या कुंपणाचा दगडी गडगा पाडायला घेतला, तसा काकीचा कुत्रा भुंकत धावला. एकानं पहार घालून त्याचं डोकं फोडलं.

काकी कोयता घेऊनच बाहेर आली. तिनं त्या माणसाच्या हातावर वार केला. मांस उघडं पडलं. उरलेल्या तिघांनी तिला खाली पाडून लाथांनी तुडवलं. तिच्या उजव्या मनगटावर पहार दोनदा बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, कारण मी आठ पावलांवर होतो. जेसीबीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि तिला वाचवायला तिच्या अंगावर आडवा पडला. मी जागचा हललो नाही.

काकीला आणि कोयता लागलेल्या माणसाला एकाच सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर काकीनं मला तिला पुरुषांच्या वॉर्डात न्यायला लावलं. तो माणूस तिला बघून उशीला टेकून मागे सरकला. काकीनं त्याच्या टाक्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"बोटं हालतात?"

त्यानं हलवून दाखवली.

"माझी न्हाय हालत," ती म्हणाली आणि परत फिरली.

म्हातारीनं विनाकारण हल्ला केला, असं कंपनीनं पोलिसांत लिहून दिलं होतं. माझा जबाब व्हायचा होता. मी काकीला सुचवलं, की कोयता मी पाहिलाच नाही असं सांगतो. ती पलंगावर उठून बसली.

"वार मी केला, ते सांगायचं. ते लपवलंस, तर कुत्र्याचं सांगशील ते कोन खरं मानील?"

मी सगळं सांगितलं. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. दोन्ही बाजूंवर खटले उभे राहिले. रस्ता मात्र वाडीला वळसा घालून गेला. निकाल लागायच्या आत, गेल्या उन्हाळ्यात, काकी तापाचं निमित्त होऊन गेली. वाडी आता तिची पुतणी बघते.

मला काशीदला नवं काम मिळालं होतं; मधली तीन वर्षं मी तिथून दर रविवारी तिच्याकडे जायचो. तिचा उजवा हात गेला तो गेलाच. डाव्या हातानं सुपाऱ्या निवडत ती माझ्या नव्या कामाची चौकशी करायची, मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. त्या सकाळी मी आठ पावलांवर का उभा राहिलो, हे तिनं एकदाही विचारलं नाही. रेवदंड्याच्या पुलावरून एसटी जायची तेव्हा दर वेळी मी उत्तर मनात जुळवत असायचो. ते तसंच माझ्याकडे राहिलं.