दहावा गडी

भगवान तांबे तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. गाव माणगावकडचं, राहायला नावड्याला. कारखान्यातल्या वायसरपासून ड्रमपर्यंत सगळ्याचा हिशेब त्याच्या डोक्यात असायचा, आणि काय कधी कमी पडेल याची धास्तीही. घरी तांदळाचा डबा अर्ध्यावर आला की बायको मीना काही बोलायच्या आत हा पिशवी घेऊन बाहेर पडलेला असे. १९८६च्या मे महिन्यात मात्र त्याची झोप उडाली होती ती माणसं जास्त होतील म्हणून.

लहानपणी भगवान परळच्या मैदानात अनवाणी फुटबॉल खेळला होता. गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण वेड राहिलं. ब्याऐंशीच्या वर्ल्ड कपला त्याने कारखान्यात एक कागदी खेळ काढला. प्रत्येकाने आळीपाळीने कुठल्याही देशाचा एकेक खेळाडू घेऊन आपली टीम लिहायची. एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये. आपल्या खेळाडूने गोल मारला की आपल्याला एक गुण. पैज नाही, पैसे नाहीत, नुसती मजा.

पण तेव्हा ज्याने विचारलं त्याला त्याने घेतलं, आणि माणसं झाली बावीस. नाव माहीत असलेले खेळाडू दोन फेऱ्यांत संपले. शेवटी बसलेल्यांच्या वाट्याला न्यूझीलंडचे राखीव गडी आले. आठवड्याभरात निम्म्यांच्या नावापुढे शून्यच होतं, ते कागद बघायलाही येईनात.

त्यातच दत्तूशी बिनसलं. दत्तू मेन्टेनन्सला फिटर, भगवानचा जिवलग. नावड्याची खोलीसुद्धा त्यानेच शोधून दिलेली. एक गोल पेपरात दुसऱ्याच खेळाडूच्या नावावर छापून आला होता. दत्तू म्हणाला, मी रेडिओवर ऐकलंय, गोल माझ्या गड्याचा आहे. कॅन्टीनमध्ये सगळे बघत होते. भगवान म्हणाला, "एका गुणासाठी खोटं बोलतोस?" दत्तू उठून गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात चूक दुरुस्त केलेली होती. भगवानने ती वाचली, पेपराची घडी घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढची चार वर्षं दत्तू स्टोअरच्या खिडकीत सामानाची चिठ्ठी टाकायचा आणि भगवान सामान पुढे सरकवायचा. बोलणं नाही.

म्हणून यंदाच्या वर्ल्ड कपला त्याने ठरवलं, आठ जण. आठांना पुरतील इतके चांगले खेळाडू होते. दर फेरीला दोघादोघांची जोडी लावून कुणाचे गोल जास्त ते बघायचं, म्हणजे महिन्याभरात प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडत होती. नावं सकाळच्या चहालाच भरली. नंतर आलेल्या अकरा जणांना त्याने नाही म्हटलं. स्टोअरकीपर इथंपण माल अडवतो, असं कुणीतरी बोलल्याचं वेल्डर मारोतीने येऊन सांगितलं. त्या दिवशी भगवानचा डबा तसाच घरी गेला.

मग पुतळा आली. ती कॅन्टीनला स्वयंपाक करायची. नावडे गावचीच. नवरा कान्हा मोरा बंदरावरचा, बोटीवर खलाशी, दोन-दोन वर्षं घरी नाही. तिच्या हातात एक गुळगुळीत कागदाचं परदेशी मासिक होतं.

"भगवानभाऊ, माझा पन नाव लिव."

आठ झाले, असं भगवानने सांगितलं. तिने मासिक उघडलं. कान्हाने कुठल्याशा बंदरातून पाठवलं होतं, चोवीस देशांच्या टीमचे फोटो होते. खालच्या नावांवर तळहात ठेवून ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नावं सांगत गेली. डेन्मार्कसुद्धा चुकला नाही. आठांपैकी एकालाही एवढं येत नव्हतं.

"मी बाई हाय म्हनून तर नाय ना?" तिने विचारलं.

"नाही गं. आकडा जमत नाही."

"मंग आकडा वाढव."

भगवानने नाव लिहिलं आणि लिहिता लिहिताच त्याचं गणित बिघडलं. नऊ म्हणजे दर वेळी एकजण जोडीविना बसणार. बसलेला माणूस कंटाळणार, कंटाळलेला जाणार, आणि ब्याऐंशीसारखं सगळं विसकटणार. दहा हवेत. दहा झाले की नऊ फेऱ्या, तीन-तीन दिवसांची एक, बरोबर सत्तावीस दिवस. पण नकार दिलेल्या अकरांतला एक घेतला तर उरलेले दहा काय म्हणतील? दोन दिवस तो चलनाच्या पाठकोऱ्या कागदांवर नावं लिहून खोडत राहिला.

मीनाने शेवटी कागद ओढून घेतला. "ज्यानं तुम्हाला विचारलंच नाही, असा कोण आहे?"

असा एकच होता.

आणखी दोन दिवस त्याने काढले. एकदा मेन्टेनन्सच्या शेडपर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्या दिवशी दुपारी आत शिरला. दत्तू कॉम्प्रेसर खोलून बसला होता.

"दत्तू, तो गोल तुझाच होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मलापण कळलं होतं. पेपर मीपण वाचतो." दत्तूने मान वर केली नाही. "माफी मागायला आलायस की जागा भरायला?"

खोटं बोलायची भगवानची हिंमत झाली नाही. "जागा भरायला निघालो होतो. पण पाय अडत होते ते माफीपायी."

दत्तूने पाना मागितला. भगवानने दिला आणि हात पुसत बाहेर आला. हो की नाही, त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खेळाडू वाटायला नऊ जण बसले. आधी कुणी निवडायचं त्या क्रमाच्या चिठ्ठ्या भगवानने दहा केल्या होत्या. मारोती घाई करू लागला. भगवान दाराकडे बघत पाच मिनिटं मागत राहिला, मग आणखी पाच. दत्तू आला तेव्हा सुट्टी निम्मी सरली होती. उभ्यानेच म्हणाला, वाद झाला तर दोन पेपर बघितल्याशिवाय गुण द्यायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो बसला.

महिनाभर भगवानचा जीव टांगणीला होता. देश हरून घरी जाऊ लागले तशा टीमा रोडावल्या. दर फेरीच्या दिवशी घास तोंडात घालण्याआधी तो माणसं मोजायचा. एकदा आठच भरली आणि तो डबा सोडून उठला. दोघं रजेवर होती एवढंच. शेवटच्या फेरीपर्यंत कुणीही सोडून गेलं नाही. पहिला आला मारोती. त्याने लिहायला सोपी नावं तेवढी निवडली होती. पुतळा तिसरी आली, दत्तू पाचवा, भगवान सहावा.

पुढच्या वर्षी क्रिकेटचा वर्ल्ड कप आपल्याकडेच होता. दसऱ्याच्या आधीच एकोणीस जण स्टोअरच्या खिडकीशी येऊन गेले. भगवानने पुन्हा चलनाचे पाठकोरे कागद काढले. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दत्तू आत येऊन स्टुलावर बसला आणि पेन्सिल मागितली. किती घ्यायचे, यावर दोघांचं एकमत होईना. मग दत्तू उठला आणि पुतळाला विचारायला कॅन्टीनकडे गेला.