गोड वासाची डबी

मलमताई घाबरट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पालीबिलीला नव्हे हं, पालीला ती झाडूने सरळ दाराबाहेर काढायची. तिला भीती वाटायची डबीची. आपण भरलेली डबी परक्या घरात जाणार, तिथं कुणीतरी ती नायट्यावर नाहीतर चिखल्यांवर चोळणार, आणि आपण बघायला तिथं नसणार! या धास्तीपायीच तिचं मलम चांगलं व्हायचं, असं आपलं मला वाटतं.

घराच्या मागच्या खोलीत तिचा कारभार. कडुनिंबाचा पाला धुऊन सावलीत वाळवायचा, त्याचा काढा करायचा, मेण आणि तेल वितळवून त्यात तो थेंबाथेंबाने घोटत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. हे जमायला वर्षं गेली. सुरुवातीचं मलम असं चिकट व्हायचं की नवरा म्हणायचा, "थोडं बाजूला ठेव, चपलेचा तळ निघालाय." सगळ्यात शेवटी चिमूटभर प्रिझर्व्हेटिव्हची पूड. काढ्यात पाणी असतं, आणि पाणी म्हटलं की नासणं आलंच. शिवाय एक नियम होता: प्रत्येक घाण्यातली एक डबी विकायची नाही, फळीवर ठेवायची. तिला ती 'साक्षीदार' म्हणायची. कुणाची तक्रार आली की आधी साक्षीदाराला उघडायचं.

तिचा धाकटा भाऊ शिंपी. पायमशीनवर दिवसभर पाय चालवणारा, आणि त्यात साखरेचा आजार जुना. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग त्या मुंग्याही येईनाशा झाल्या. टाचेत टाचणी रुतली तरी पत्ता नाही! त्याला बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, तेव्हा ताईने डबी देऊ केली. पण भाऊसाहेबांचे नखरे. "ताई, ते तुझं केमिकल घालू नकोस हं. मला निव्वळ पाल्याचं दे." पिच्छाच पुरवला. एरवी त्याचं एक ऐकेल तर शपथ. पण त्या दिवशी तिला त्याचा पुळका आला. एवढासा घाणा वेगळा केला, त्यात पूड घातली नाही, आणि "घरचंच माणूस, संपवेल पटकन" असं म्हणून डबी दिली. साक्षीदार मात्र सवयीने फळीवर गेला.

नंतर एका सकाळी त्याचा फोन. "ताई, मानलं तुला! आता मलमाला वास किती गोड येतो गं. मी तर दोन्ही वेळा थापतो आणि वर मोजा चढवतो."

कडुनिंब आणि गोड? "दुखतंय का रे?" तिने विचारलं.

"छे! मला कुठं काय दुखतं?"

न दुखणंच वाईट, हे तिला ठाऊक होतं. फोन तसाच हातात धरून ती फळीपाशी गेली आणि साक्षीदाराचं झाकण उघडलं. मलमाला पाणी सुटलं होतं. आणि वास! पिकून लिबलिबीत झालेल्या फळासारखा, अगदी गोड. हा वास तिने एकदा अनुभवला होता, फार पूर्वी, एक आख्खा घाणा फेकून देताना. तेव्हा प्रयोगशाळेतल्या तपासणीवाल्याने बजावलं होतं की हे जंतू फार चिवट, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

"त्या डबीला हात लावू नकोस, मी येतेय," एवढंच ती बोलली. साक्षीदाराची डबी पिशवीत बांधून घेतली आणि रिक्षात बसली. वाटभर तिला दिसत होती पायमशीनची पट्टी, आणि तिच्यावर एकच पाय. "देवा, माझा हात का नाही झडला घोटताना!" ती मोठ्याने बोलली, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

भाऊ मशीनवरच होता. "मोजा काढ."

"अगं, चहा तरी..."

"मोजा काढ म्हणते ना!"

मोजा निघेना, चिकटला होता. भावजयीने कोमट पाणी ओतून तो हळूहळू सोडवला आणि तोंडावर पदर धरला. करंगळीशेजारची बेचकी उकलली होती, आत हिरवट ओल, आणि लाली घोट्याकडे चढत निघालेली. भाऊ आपल्याच पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. "वन्सं, काय झालं हो हे?" भावजयीने विचारलं. ताई रिक्षा बोलवायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय उजेडात धरला. "उशीर झालाय. काय लावत होतात यावर?"

"काही नाही," भाऊ ताईच्या आधी बोलला. "साबण आणि पाणी."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिला कळलं, गाढव आपल्याला वाचवतोय. गप्प राहिलं तर मागची खोली, डबीवरचा लोकांचा विश्वास, सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. बाई नेहमीचं औषध लिहायला लागल्या होत्या. पिशवीची गाठ सुटेना. शेवटी तिने ती दातांनी सोडवली.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "हे लावत होता. मी केलंय. यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, आणि हे नासलंय. वास घ्या."

बाईंनी वास घेतला. लिहिलेला कागद फाडला आणि नर्सला हाक मारली. नंतरची धावपळ ताईला नीट आठवत नाही. जखम साफ करताना भाऊ छताकडे बघत होता आणि ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती, एवढंच.

लाली घोट्यापाशी थांबली. मग उतरायला लागली. करंगळी गेली, पाय राहिला. बाई ताईला एवढंच म्हणाल्या, "औषध तेव्हाच बदललं नसतं, तर घोट्यावरून कापावा लागला असता."

मग ताई भावाच्या खाटेवर बसून ढसाढसा रडली. "माझ्यामुळे झालं रे."

"ती पूड का नाही घातलीस पण?"

"तू नको म्हणालास म्हणून."

"जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस ताई," तो म्हणाला, "आणि तेही नेमकं इथं!"

ती रडतारडता हसली. मग पांघरूण बाजूला करून तिने त्याची उरलेली बोटं एकेक करून चाचपली, ऊब आहे का ते बघायला. त्याला ते कळत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून चाचपली.