गोदावरीतलं वाळवंट

आमच्या नाटक मंडळाचे किस्से निघाले की चहा दोनदा सांगावा लागतो. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "दादा, ते शूटिंगचं सांगा!" सांगतो. पण अलीकडं पहिल्यासारखं हसू येत नाही.

मंडळानं एकदा पिक्चर काढला, डायरेक्टर मी. स्टोरी एवढीच : पटत नसलेलं जोडपं राजस्थानात फिरायला जातं आणि वाळवंटात वाट चुकतं. जैसलमेर आम्हाला कुठलं परवडायला! उन्हाळ्यात गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात वाळूच वाळू. हिरो आमचा मास्तर मित्र विलास, हिरोइन त्याची खरी बायको वंदनावहिनी. दोघांचा वर्षभर अबोला. मीच म्हणालो, "लय नॅचरल वाटंल!"

*

मेंढ्या घेऊन आलेल्या मारवाडी मेंढपाळांकडून उंट आणला. तो भर उन्हात बसला तो उठेचना. मालकानं चुचकारलं, विलासनं गूळ दिला, मी हात जोडले.

वहिनी छत्रीखालून म्हणाल्या, "नशीबवान हाय. रुसला तर चार माणसं मनवायलेत!"

सगळे हसले. विलास गूळ हातात घेऊन तसाच उभा.

*

पाण्याचा सीन. शेवटची बाटली नवरा एकटा पितो. विलास दरवेळी घोटभर पाणी ठेवून बाटली वहिनींपुढं करायचा. पाच टेक गेले! मी ओरडलो, "अरे, तू स्वार्थी नवरा हायस!"

वहिनी म्हणाल्या, "दादा, घरी तर हे त्यांना बरोबर जमतंय. इथंच कसं विसरायलेत?"

*

भांडणाचा सीन. वहिनींना एकच वाक्य होतं, "तुम्ही मला कधी विचारलंच नाही." ते म्हणून त्या थांबल्या नाहीत.

"माझी आई आयसीयूत होती. अकरा फोन लावले मी. तुमी तालमीत होता."

ती तालीम माझी. तालमीत फोन बंद, हा नियमही माझाच. आणि मी? कॅमेरामन असलमच्या कानात म्हणालो, "चालू ठेव! एक नंबर!"

*

शेवटचा सीन दुसऱ्या दिवशी. दोघं दोन दिशांना चालत जातात. मी सांगितलं, "कट म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई."

वहिनी चालत राहिल्या. वाळू संपली, पलीकडचा काठ चढल्या, रस्त्यावर गेल्या. परभणीची एसटी येत होती. त्यांनी हात केला. गाडी थांबली, त्या चढल्या.

आम्ही आधी हसलो. मग कुणीच हसेना.

असलम हळूच म्हणाला, "दादा, कट बोलू?"

विलास मागं वळून रस्त्याकडं बघत होता. त्यानं हात वर केला.

"थांब. एसटी वळणाआड जाऊ दे."