मंत्र्यांचा टॉवेल

मंत्र्याच्या पीएची नोकरी संपली की दोनच गोष्टी उरतात, शाली आणि किस्से. शाली मी वाटून टाकल्या. किस्से मात्र कुणी विचारलं नाही तरी बाहेर येतात!

आमचे नाना परिवहन मंत्री झाले. आमच्या सोलापूरकडे एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकला की जागा आपली, वाद नाही. शपथविधीला नाना तासभर आधी पोचले, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टॉवेल टाकला आणि चहाला निघाले.

अधिकारी म्हणाला, "सर, खुर्चीवर तुमचं नाव आहे!"

"नाव कुणीबी काढतंय. टॉवेल कोण उचलत न्हाय."

*

अभिनंदनाच्या फोनांत एक नानांच्या मोठ्या बहिणीचा, आक्कांचा होता. आक्का मंगळवेढ्याच्या पुढे एका वाडीत राहतात. एसटी फाट्यापर्यंतच, पुढे चालत, आणि आक्कांचे गुडघे गेलेले.

"वाडीला गाडी कवा येतीया?"

"बघतो की, आक्का."

"बगू नगंस. धाड!"

*

एसटीचा रिपोर्ट आला, वाडीत गाडी वळवायला जागा नाही. नानांनी फोनवर सांगितलं.

"माज्या शेळ्या वळत्यात की!" आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरापुढचं शेळ्यांचं शेड पाडलं आणि निरोप धाडला, "आता वळंल." नाना मात्र मंत्री असेपर्यंत एकदाही वाडीला गेले नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

*

मग फेरबदल झाला आणि नानांचं मंत्रिपद गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आक्काच्या गाडीची ऑर्डर निघाली का?"

"निघाली."

"मग चला."

गडबडीत नानांचा टॉवेल केबिनमधल्या खुर्चीवरच राहिला. नवे मंत्रीही आमच्याच भागातले. ते केबिनमध्ये आले आणि उभेच राहिले! शिपाई म्हणाला, "साहेब, बसा की." तर म्हणाले, "कुणीतरी धरलीया." शेवटी मला फोन आला. नाना म्हणाले, "उचला म्हणावं. मी उतरलोय."

*

वाडीची पहिली एसटी मंगळवेढ्याहून सुटणार होती. नाना आणि मी तिकीट काढून चढलो. गाडी खच्चून भरलेली. आक्का मुद्दाम सकाळीच बैलगाडीनं येऊन खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्या जागेवर टॉवेल. कुणी वाकलं की ओरडायच्या, "धरलीया!"

नाना दांडी धरून उभे राहिले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "आक्का, कुणाला धरलीस गं?"

आक्कांनी मान वर केली.

"माज्या भावाला. मंत्री असशील तर उभा ऱ्हा."

नानांनी टॉवेल उचलला, मांडीवर घेतला आणि बसले. वाडी येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होते.