ओट्याचा शेरा

वडील गेले तेव्हा मी दौंडच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. ते रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ते गेल्यावर क्वार्टर रिकामं करायचं पत्र आलं. मी दुसऱ्या एका बाईंबरोबर खोली घेऊ शकत होते. आईला मात्र जायला एकच जागा होती, शिरूरचं आमचं दोन खोल्यांचं घर. आमच्या वस्तीतलं ते पहिलं विटांचं घर. पण त्यात नळ नव्हता, आणि आईच्या गुडघ्यांना आडावरून पाणी आणणं आता झेपत नव्हतं.

नळासाठी घर आईच्या नावावर हवं. म्हणून एका शनिवारी अर्धी शाळा करून मी एसटीनं शिरूरला गेले आणि नगरपालिकेत मिळकतीच्या उताऱ्यासाठी अर्ज दिला. कारकून वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी जाड रजिस्टर उघडलं, आमच्या घरावर बोट ठेवलं आणि ते माझ्याकडे फिरवलं. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं : गटारीवरील ओटा काढणेबाबत नोटीस, पूर्तता नाही.

ते म्हणाले, "बाई, उतारा देतो, पण हा शेरा त्याच्यावर राहणार. शेरा असेपर्यंत वारसाची नोंद होत नाही. ओटा काढा, ओव्हरसियर बघून जातील, पूर्ततेचं पत्र मिळालं की पुढचं सगळं सरळ आहे."

मग त्यांनी फाईल काढली. त्यात वडिलांचे चार अर्ज होते, वळणदार नाही पण ओळखीच्या अक्षरात. चारही एकाच मजकुराचे. अर्जदार नोकरीनिमित्त दौंड येथे असल्याने ओटा काढण्यास मुदत मिळावी. घरी वडिलांनी या नोटिशीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ओटा का काढला नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या ओट्यावर आत्या बसायची.

आत्या आमच्या रक्ताची नव्हती. तिचा नवरा वडिलांच्याच गँगमध्ये होता. तो तापानं गेला, तेव्हा वडिलांनी स्वतः विटा लावून घरापुढच्या गटारीवर तो ओटा बांधला आणि तिला तिथं माल विकायला बसवलं. काळे मणी, करदोडे, सुया, कंगवे. बायका तिच्याकडे लांबून यायच्या.

पुढचे तीन शनिवार मी शिरूरला गेले. दर वेळी कचेरीत एखादी वेगळी वाट विचारायची. अर्धा ओटा काढला तर? नळ आत्याच्या नावानं मागितला तर? कारकून दर वेळी ऐकून घ्यायचे आणि तेच सांगायचे. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. परतीच्या गाडीत मी आईला काय सांगायचं ते जुळवत बसायचे. क्वार्टरची मुदत संपत आली होती. दर वेळी मी घरावरूनही जायचे, आत्या चहा मागवायची, आईची चौकशी करायची. तिच्याशेजारी ओट्यावरच बसून मी चहा प्यायचे आणि नोटिशीचा विषय न काढता स्टँडवर यायचे.

त्यानंतरच्या खेपेला तिनंच विचारलं.

"पालिकेत कशापायी फिरतीस गं?"

मी सांगितलं. तिनं हातातली मण्यांची सर खाली ठेवली.

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "तुझा बाप दरसाल अर्ज द्यायला यायचा तवा हितंच बसायचा. म्हनायचा, आक्का, मी हाय तवर कुनी हात लावत न्हाई." मग म्हणाली, "आता तो न्हाई. तू गवंडी बोलव."

तिनं रडावं, भांडावं असं मला वाटत होतं. मग मला निदान ओटा काढायला नाही म्हणता आलं असतं.

पुढच्या रविवारी गवंडी आला. आत्यानं सामान आधीच गोणपाटात बांधलं होतं. ती समोरच्या बाजूला उभी राहिली आणि ओटा पुरा निघेपर्यंत हलली नाही. दोन दिवसांनी ओव्हरसियरनं टेप लावून पाहिलं, आठवड्यानं पत्र मिळालं, वारसनोंद झाली, नळ आला. आई शिरूरला राहायला गेली. आत्या एसटी स्टँडच्या भिंतीशी बसू लागली.

आईनं तिला घरात, पुढच्या खोलीत बसायला बोलावलं. ती एक दिवस आली. पण दाराच्या आतला माल कुणाला दिसेना, आणि दुसऱ्या दिवशी ती परत स्टँडवर गेली.

दोनेक महिन्यांनी मी न कळवता शिरूरला गेले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, तुमच्या आई रोज दुपारी स्टँडवर असतात. जाऊन पाहिलं तर भिंतीशी दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि आई कुणा बाईला करदोडा मापून देत होती. मी किल्ली मागितली. आई म्हणाली, "थांब जरा, ही गाडी जाऊ दे." मी पिशवी घेऊन उन्हात उभी राहिले. आत्यानं सरकून गोणपाटाचं टोक मोकळं केलं. मला तिथं बसवेना, आणि तिथून जाववेनाही.