पलीकडचा बोल्ट आधी

"लाइन रिकामी आहे," असं मी त्याला पाइपातलं पाणी सोडायचा ड्रेन उघडून न बघताच सांगितलं. ही चूक माझीच.

मी सिन्नरच्या कारखान्यात सुपरवायझर, तो तिथला फिटर, रोज सायखेड्याहून येणारा. बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवताना आतली चकती उघडल्याशिवाय तो बोल्ट आवळत नाही. बंद चकतीवर आवळलं तर रबर चिमटतं, म्हणतो. जुना व्हॉल्व्ह काढताना तर आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करतो. मी चिडवायचो, "काय मामा, नवस बोललाय का?"

"पाणी सांगून येत नाय, सायेब."

त्या दिवशी गरम पाण्याची लाइन बंद होती आणि मी पलीकडे उभा राहून घाई करत होतो. पाना लावण्याआधी त्याने मला दंडाला धरून आपल्या मागे ओढलं. लांबचा बोल्ट जरासा फिरला, आणि मी उभा होतो तिथूनच उकळता फवारा जाऊन भिंतीवर आदळला.

मॅनेजरांना तो म्हणाला, "प्रेशर गेजचा काटा शून्यावर अडकला व्हता." मी गप्प राहिलो.

त्यानंतर 'लाइन रिकामी' असं लिहिलेला, माझी सही असलेला कागद तो नीट वाचायचा, घडी करून खिशात ठेवायचा, आणि स्वतः जाऊन ड्रेन उघडून बघायचा.

आठवड्याने, सकाळी मॅनेजरांसकट सगळे जमले असताना, मी म्हणालो, "काटा अडकला नव्हता. मी ड्रेन उघडलाच नव्हता. मामा, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मला माफ करा."