दुधाळ पाण्याआधी

धक्क्याच्या खांबांना चिकटलेले काळे शिंपले खरवडणं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. कंबरेला शिशाचा पट्टा, तोंडात हवेची नळी, हातात खरवडणी. लोक त्याला बुड्या म्हणत. "नावच असलं, संसार तरंगायचा कसा?" असं त्याची बायको म्हणे.

वडीलही हेच करत. त्यांनी एकच नेम घालून दिला होता. उन्हं तापली की खांबांवरचे शिंपले बी सोडतात आणि पाणी दुधाळ होतं. ते निवळू लागेपर्यंत खांबांना हात लावायचा नाही. बी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी पिल्लं. ती काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि खालच्या खाडीच्या तोंडाशी त्याच्या थोरल्या भावानं टांगलेल्या दोरांना धरून वाढतात. भावाचं पोट त्या दोरांवर. "धक्का माहेर, खाडी सासर," वडील म्हणत.

पण पाणी दुधाळ असो की नुकतं निवळत असो, त्यात स्वतःचा हात दिसत नाही, चाचपत खरवडावं लागतं. गेल्या खेपेस शिंपल्याच्या धारेनं त्याचा अंगठा हाडापर्यंत चिरला होता. यंदा आधीच उतरून पाहिलं, तर पाणी काचेसारखं, खांब तळापर्यंत स्पष्ट दिसत होते. धक्क्याच्या मुकादमाला खांब साफ हवे होते. कधी, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. बुड्यानं म्हटलं, उरकून टाकू. एवढा मोठा समुद्र, बी काय कुठूनही येईल.

त्या वर्षी पाणी दुधाळ झालंच नाही.

पुढे तो भावाकडे गेला, तेव्हा अंगणात दोर वाळत पडले होते. नुसते दोर. त्यावर शिंपला औषधालाही नव्हता.

"तुझ्या वहिनीची खरेदी," भाऊ म्हणाला. "स्वस्तातला काथ्या. यावर शेवाळसुद्धा बसायला लाजतं."

"गेल्या वर्षी याच दुकानाचे होते," वहिनी आतून म्हणाली. "तेव्हा मी लक्ष्मी होते."

"होडी विकायला काढलीय. गोदामावर रखवालदारी करीन. करून दाखवलंस हो," भाऊ आत बघत म्हणाला.

पाणी द्यायच्या निमित्तानं वहिनी बाहेर आली, हळूच म्हणाली, "भावोजी, पाण्यातलं तुम्हाला कळतं. खरं सांगा, दोरांचाच दोष का?"

त्यानं दोर चिमटीत धरून पाहिला. खरखरीत, घट्ट पिळाचा, उत्तम दोर होता.

"असेलही," तो म्हणाला.

तो शब्द घेऊन तो घरी आला. जेवताना तोच, पाण्याखाली नळीतून श्वास घेताना तोच. बोडक्या खांबांवरून हात फिरवला की अंगठ्याचा जुना व्रण ठणके.

पुन्हा गेला, तेव्हा भाऊ अंगणात दोर जाळत होता. वहिनी धुराकडे पाठ करून धुणं पिळत होती.

"दादा, थांब. दोर चांगले आहेत. खांब मीच आधी खरवडले. पाणी दुधाळ व्हायच्या आधी."

भावानं हातातली काठी खाली ठेवली. "बाबांनी काय सांगितलं होतं?"

"माहीत आहे."

"अंगठ्यापायी?"

"हो."

भाऊ उठला. बादली उचलून त्यानं जाळावर पाणी ओतलं आणि होडीकडे बघत उभा राहिला.

"खांबांवर शिंपले परत कधी धरतील?" त्यानं विचारलं.

"दोनेक वर्षं जातील. तोवर मी खरवडणीला हात लावत नाही. मुकादमाला काय सांगायचं ते सांगेन."

"दोन वर्षं काय वारा खाऊ?"



वहिनीनं पिळलेलं लुगडं झटकलं. "खांबांचं राहू द्या. अंगठा कापला, भीती बसली, समजलं. पण मी तोंडानं विचारलं होतं."



ती राखेत वाकली. अर्धवट जळालेले दोर एकेक ओढून काढू लागली. जळकं बाजूला, धडकं बाजूला. एका दोराचं टोक तिनं त्याच्यासमोर धरलं.

"धरा," ती म्हणाली. भावोजी म्हणाली नाही.

त्यानं टोक धरलं. दोर अजून गरम होता.